डिझेल सोडलं, मग आता कोळशावर चालून राहिलो का?

संत्रावाला_काटोल
राम राम राजेहो. लय दिवसांपासून इथं फक्त वाचून राहिलो होतो, आज डोकं सरकलं म्हणून धागा काढला. मागच्या दसऱ्याले म्या जुनी डिझेल पिकअप काढली अन् छोटी इलेक्ट्रिक पिकअप घेतली. कंपनीचं नाव नाही घेत, नाहीतं अर्धा धागा त्याच्यातच जाईन. बॅटरी २१ युनिटची आहे. माझा धंदा म्हणजे काटोलकडून संत्रा अन् भाजीपाला नागपूरच्या कळमना मंडीले नेणं, घरून मंडी ६२ किलोमीटर पडते. पहाटे ३ ले निघतो, हर्रास (लिलाव) होऊन पट्टी हातात येईस्तोवर ९-९:३० होते, १२ च्या आत घरी.

कागदावर दीडशेच्या वर लिहिलं आहे, पण क्रेट भरून निघालं का जातानाच ६० टक्के खाते, रिकामी येताना ४५. म्हणजे जाऊन येऊन शंभराच्या वर, पुरतच नाही. मग अडत्याच्या गाळ्यात १५ अँपिअरचा पॉइंट होता तिथं जुगाड बसवला, हर्रास होईस्तोवर तीन तास गाडी तिथं चरते. अडत्या १५० रुपये घेते, घेऊ दे. बाकीची रात्री जेवण झाल्यावर घरी लावतो.

आता भानगड ऐका. मे महिना लागला, गावात घरोघरी कूलर सुरू, रात्री व्होल्टेज १६५ वर येते, चार्जर सुरू होते बंद पडते, सुरू होते बंद पडते. अन् मागच्या हप्त्यात आमची गावठाणची डीपीच, म्हणजे पोलावरचा ट्रान्सफॉर्मर, जळली. चार दिवस गाव अंधारात. पाण्याच्या टाकीची मोटर बंद, पोट्टे रडून राहिले, अन् साऱ्या गावाचं बोट माझ्याकडं, म्हणे "तुह्या गाडीनं डीपी खाल्ली". पानठेल्यावर तं एकानं असं म्हनलं का मले रात्रभर झोप नाही आली. तो म्हणे भाऊ तू डिझेल सोडलं म्हणून मिशीवर ताव देते, पण तुही लाइन, म्हणजे वीज, येते कोठून? कोराडीच्या थर्मलमधल्या कोळशातून. मग तू केलं काय?

तं दोन गोष्टी सांगा. डीपी माझ्या गाडीनं जळू शकते का? अन् कोळशाच्या लाइनीवर इलेक्ट्रिक गाडी चालवून काही फायदा आहे का नुसतं मनाचं समाधान?

चांद्याचा_पोट्टा
पहिल्या प्रश्नाचं मले माहीत नाही पण दुसऱ्यावर आमचाच अधिकार आहे. चंद्रपूरचं थर्मल २९२० मेगावॅट, कोराडी २१९०, खापरखेडा १३४०, तिरोडा ३३००, मौदा २३२०, पारस ५००. मोजा एकदा. महाराष्ट्राची चूल विदर्भात पेटते अन् पोळ्या तिकडं पुण्या-मुंबईत भाजतात. केंद्रीय प्रदूषण मंडळानं २००९ ले देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली होती त्यात आमचं चांदा, म्हणजे चंद्रपूर, प्रदूषणात चौथ्या नंबरवर होतं. गच्चीवर कपडे वाळू घातले तं संध्याकाळी झटकून घ्या लागते, हे आमच्या घरी कोणाले वेगळं शिकवा नाही लागत.

तुमचा रोजचा हिशोब मांडतो. दोन्हीकडचं धरून सॉकेटमधून २५ युनिट घेत असान. आपल्या इकडच्या कोळशाची एक युनिट काढाले साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागते. म्हणजे तुमच्या एका खेपेले १७-१८ किलो, तारांतली गळती धरली तं २० किलो. अन् आपला कोळसा म्हणजे अर्धी माती, त्यातली ३५-४० टक्के राख उरते. म्हणजे तुम्ही कळमन्याले एक टन संत्रा टाकून येता अन् माघारी आमच्या इकडं सात किलो राख ठेवून जाता. राग नका मानू, पण खरं ते खरं.

बिनकामाचा_बाप्या
सात किलो राखेत भांडे घासून होते ना बे

मीनल_आर्वीची
राखेचं वजन बरोबर आहे पण तुलना अर्धीच झाली, डिझेलचा धूर कोण मोजणार? मी ढोबळ आकडेमोड केली, चुकत असेल तर सांगा.

दादांची जुनी गाडी माल भरून लिटरला १५ किलोमीटर देत होती असं धरते. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला १८० ग्रॅम. हे फक्त सायलेन्सरमधून निघालेलं. तेल विहिरीतून काढायचं, जहाजातून आणायचं, शुद्ध करायचं, टँकरने काटोलच्या पंपावर पोचवायचं, ते धरलं की २१५ च्या आसपास जातं.

आता नवी गाडी. २५ युनिटमध्ये १२४ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ०.२ युनिट, तारांमधली गळती धरून ०.२४. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे साधारण ०.७२ किलो आहे (त्यात धरणं, सौर, पवन, अणुवीज सगळं आलं), त्या हिशोबाने १७३ ग्रॅम. आणि वीज निव्वळ कोळशाचीच धरली तर २३० च्या वर!

म्हणजे पानठेल्यावरचा माणूस पूर्ण चुकीचा नाही. निव्वळ कोळशावर तुम्ही डिझेलपेक्षा थोडे वाईटच आहात, ग्रिडच्या सरासरीवर थोडे चांगले. मला वाटलं होतं इलेक्ट्रिक दणदणीत जिंकेल, दोनदा मोजलं, तेच येतंय. एवढं मात्र आहे की कळमन्यात पहाटे चार वाजता शंभर गाड्या इंजिन सुरू ठेवून उभ्या असतात तिथल्या हमालाच्या नाकात तुमचा धूर जात नाही. ती गोष्ट ग्रॅममध्ये येत नाही.

संत्रावाला_काटोल
ताई तुम्ही तं पोटात गोळा आणला. लाखभर रुपये जास्तीचे टाकले म्या, अन् निघालो बरोबरीत?

पैशाचं म्हनसान तं फायदा आहे, डिझेलले किलोमीटरमागं सहा रुपये जात होते, आता तीनच्या आसपास. पण घरचं बिलही असं फुगलं का बायको बिल लपवून ठेवते, म्हणे तुम्हाले बीपी आहे.

वायरमन_निवृत्त
बाबू, ३४ वर्ष खांबावर काढले म्या, डीपीचं मी सांगतो. बाकीच्यांनी मधात नका बोलू.

गावठाणची डीपी तुमच्याकडं ६३ केव्हीएची असन. तिची ताकद म्हणजे एका फेजवर ८४ अँपिअर, जास्त नाही. तुही गाडी १५ अँपिअर ओढते. मग गाव काय म्हणते ते सोड, पण तू पूर्ण निर्दोषही नाही, एका फेजचा सहावा हिस्सा तू एकटा घेते. तीन फेजवर घरं बरोबर वाटून दिले असते तं काही झालं नसतं. पण खरी गंमत अशी राहते का एका फेजवर व्होल्टेज पडलं का लोकं स्वतःच जम्पर बदलून दुसऱ्या फेजवर जातात, मग तो फेज पडते, मग सारे तिकडून उठून तिसऱ्यावर. पंगतीत जसं जिकडं बुंदी येते तिकडं सारे सरकते तसं. वरतून तारेवर टाकलेले चोरीचे आकोडे. अन् किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, फ्यूज तारच्या जागी जाड तांब्याची तार, मग फ्यूज नाही उडत, डीपीच उडते. तुमच्या डीपीची पेटी उघडून पाह्य, माझं म्हणणं खोटं निघालं तं मिशी काढतो.

तीन कामं कर. पहिलं, सबस्टेशनले लेखी दे का फेज बॅलन्स करून द्या, सरपंचाची सही घे. दुसरं, गाडीसाठी वेगळं कनेक्शन माग. ग्राहक हक्काच्या नियमात २०२४ ले दुरुस्ती झाली, त्यात गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागता येते. आता तुहं घर अन् गाडी एकाच मीटरवर असल्यानं महिन्याले ५०० युनिटच्या घरात जाते, अन् घरगुतीचा रेट पायरी पायरीनं चढते, वरच्या पायरीवरची प्रत्येक युनिट तुले महाग पडते. तिसरं, अर्थिंग. लाकडी कोळसा अन् मीठ टाकून खड्डा बुजव, पाणी टाकत जा. कोळशाची इतकी बदनामी सुरू आहे इथं, पण अर्थिंगच्या खड्ड्यात अजून त्याचा लाकडी भाऊच लागते.

पऱ्हाटी
काका नमस्कार, राळेगावकडून. माह्याकडं ७.५ एचपीची मोटर आहे, बिल माफ आहे. दिवसा लाइन येते त्या पाळीत विहिरीवरूनच गाडी चार्ज केली तं? फुकटात होईन. कापूस जिनिंगवर न्यायले मी पण घ्यायचा विचार करून राहिलो.

वायरमन_निवृत्त
हे बिलकूल करू नोको. शेतीचं कनेक्शन शेतीलेच. दुसऱ्या कामाले वापरलं का वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागते, त्यात लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट लावून वसुली करता येते. अन् गावात असं करणाऱ्याची खबर शेजारीच देते, हे मी नोकरीतल्या अनुभवानं सांगतो. दुसरं म्हणजे शेतीच्या लाइनीले भरोसा नाही, आठ तासाची पाळी, कधी दिवसा कधी रात्री.

पऱ्हाटी
बरं झालं विचारलं. मग सोलर पंपवाल्याचं काय? माह्या साळ्याकडं ५ एचपीचा सोलर पंप आहे, पाच किलोवॅटच्या आसपास पाट्या आहेत वावरात. कपाशीले पाणी द्याचे दिवस सोडले तं वर्षातले कितीतरी दिवस त्या नुसत्या उन्हं खात पडल्या राहतात.

मीनल_आर्वीची
हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. सोलर पंपाचा साधा कंट्रोलर ऊन कमी-जास्त होईल तशी मोटरची गती कमी-जास्त करतो, त्यातून घरासारखी स्थिर वीज निघत नाही, त्यामुळे चार्जर थेट जोडायचा नाही, जळेल. पण कुसुम योजनेतच एक वेगळ्या प्रकारचा सर्वसमावेशक कंट्रोलर सांगितला आहे, त्यावर पंप बंद असताना कडबा कुट्टी, पिठाची गिरणी, बॅटरी चार्जिंग असली कामं चालतात. साळेबुवांकडे कोणता बसवलाय ते पेटीवर बघा. पंप वॉरंटीत असेल तर स्वतः उघडाउघड करू नका, पाच वर्षांची दुरुस्ती हातची जाईल.

टेक्सासचा_वऱ्हाडी
मूळ गाव मोर्शी तालुका, बारा वर्षांपासून इथे. तुमचा धागा वाचून आईची आठवण आली, ती अजून लाइट म्हणत नाही, लाइनच म्हणते.

इथल्या इलेक्ट्रिक पिकअप म्हणजे वेगळंच प्रकरण. माझ्या शेजाऱ्याकडे फोर्डची एफ-१५० लाइटनिंग आहे, मोठ्या बॅटरीची, १३१ युनिट! संत्रावाले दादा, तुमच्यासारख्या सहा गाड्या एका गाडीत. आणि तो तिच्यात काय भरतो? आठवड्याचा किराणा आणि एक कुत्रा. हमरची इलेक्ट्रिक पिकअप तर चार टनांच्या वर जाते, रिकामीच. पण एक गोष्ट कामाची आहे, लाइटनिंगमधून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते, घराला जोडून दिली की घर चालतं. फेब्रुवारी २०२१ च्या बर्फात इथे लाखो घरांची वीज गेली होती, आम्ही तीन दिवस गोधडीत बसून काढले, तेव्हापासून लोक गाडीकडे जनरेटर म्हणूनही बघायला लागले. तुमची डीपी जळली तेव्हा गाडीतूनच घरचा कूलर चालवता आला असता तर?

बिनकामाचा_बाप्या
भाऊ ती चार टनाची गाडी आमच्या पांदणीत आणून दाखवा. पहिल्या पावसात रुतली का बैलजोडी लावून काढू, बैलाचं भाडं वेगळं.

संत्रावाला_काटोल
माह्या गाडीत वीज बाहेर काढाची सोय नाही राजा. अन् असती तं गावानं टाकीची मोटर जोडली असती तिले, मग मी मंडीत डोक्यावर क्रेट घेऊन गेलो असतो.

काका, डीपीची पेटी पाह्यली. तुमची मिशी वाचली. किटकॅटमध्ये बोटायेवढी तार.

अकोल्याचं_ऊन
पारसच्या थर्मलपासून जवळच राहतो, स्वतः मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी चालवतो म्हणून दोन शब्द. रात्रीचं व्होल्टेज सोडा, उन्हाळ्यात बॅटरीची तब्येत सांभाळा. ४५ डिग्रीत माल ओढून आलेली गाडी तशीच तापलेली चार्जिंगले लावत जाऊ नका. सावलीत तासभर उभी करा, हात लावून पाहा, मग लावा. मी पहिल्या उन्हाळ्यात हे केलं नाही, टिनाच्या शेडखाली लावत होतो, ती शेड म्हणजे तवा. गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करून टाके अन् मले वाटे व्होल्टेज कमी आहे, लाइनमनले शिव्या देत होतो बिचाऱ्याले. आता कडुलिंबाखाली लावतो.

सोलरवाली_वहिनी
मी काय म्हणते, घराच्या छतावरच पॅनल लावून टाका ना! पीएम सूर्यघर मध्ये ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, आम्ही लावलं, दिवसाला सरासरी १२ युनिट येतात, पावसाळ्यात कमी. नेट मीटर आहे, दिवसा वीज तिकडे जाते आणि रात्री आपण तेवढीच परत घेतो, बिल जवळपास शून्य. कोळशाचं पापही नाही आणि बायकोला बिल लपवायची गरज नाही :)

चांद्याचा_पोट्टा
वहिनी, बिल शून्य होईन हे कबूल, पाप शून्य नाही होणार. नेट मीटर फक्त आकडे बरोबर करते. दुपारी तुम्ही दिलेली वीज दुपारीच कोणीतरी वापरून टाकली, ती कोठं भरून नाही ठेवली. रात्री ९ ले तुम्ही गाडी लावली तेव्हा सूर्य नाही, तेव्हा आमच्याच इथं कोळसा जळून राहिला. कोयनेचं १९६० मेगावॅट संध्याकाळी वीज मागणी चढली का मदतीले धावते, पण तेही रात्रभर नाही पुरत. इथं तुमचा आकडा बरोबर झाला अन् तिथं माह्या आईचा खोकला तसाच.

सोलरवाली_वहिनी
असं कसं? दुपारी मी दिलेल्या विजेमुळे तेवढा कोळसा दुपारी कमी जळलाच ना!

मीनल_आर्वीची
दोघंही बरोबर आहात. दुपारी कोळसा वाचला हे खरं, पण जसजसं दुपारचं सौर वाढत जाईल तसं दुपारी वीज आधीच जास्त आणि रात्री कमी अशी गत होणार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडरच दिवसाच्या सौर विजेवर आणायचं काम सुरू आहे, म्हणजे पुढे दुपार अजून भरेल. त्यामुळे गाडी *केव्हा* लावता ते महत्त्वाचं.

आणि संत्रावाले दादा, तुमची पहिली पोस्ट मी आत्ता परत वाचली. तुम्ही पहाटे ३ ला निघता आणि १२ च्या आत घरी येता. मग गाडी दुपारी १२ पासून रात्री ८ पर्यंत काय करते??

संत्रावाला_काटोल
उभी राहते.

बिनकामाचा_बाप्या
😂😂😂 साऱ्या गावाची डीपी जाळली अन् गाडी दुपारभर झोपून

संत्रावाला_काटोल
हसा हसा. मोबाईल रात्री लावतो तशी गाडीही रात्रीच लावाची, असं डोक्यात बसलं होतं. शोरूमवाल्यानंही रात्रभर लावून ठेवा असंच सांगितलं, कोणालेच सुचलं नाही का भाजीची गाडी दुपारी रिकामी राहते.

वायरमन_निवृत्त
दुपारी लाव. कूलर दुपारीही राहते पण लाइटं, टीव्ही, पाण्याच्या मोटरी, हे सारं एकदम संध्याकाळी ७ नंतरच येते. दुपारी तुले ४०-४५ व्होल्ट जास्त भेटन. पण अकोल्याच्या भाऊनं सांगितलं ते ध्यानात ठेव, आल्या आल्या नाही.

संत्रावाला_काटोल
आठ दिवसांनी परत आलो, हिशोब देतो. १२ ले आलो का गाडी आंगणातल्या कडुलिंबाखाली, दीड वाजता लावतो. व्होल्टेज २१० ते २१५ च्या मधात, आठ दिवसांत चार्जर एकदाही बंद नाही पडला. घरी येते तेव्हा ४० टक्के राहते, बाकीच्याले १५ युनिट लागते, सहाच्या आत पूर्ण. मंडीतलं चार्जिंग पहाटेचंच आहे, तेवढ्यापुरता मी चांद्याच्या भाऊचा अजून देणेकरी. पोलावर नवी डीपी बसली, फेज वाटून देतो म्हणले आहेत, अर्ज दिला आहे, सरपंचाची सही घ्याले तीन चकरा झाल्या ते वेगळं.

छतावर पॅनलचं वहिनी म्हणते तसं पाहून राहिलो. दुपारी दीड ते सहा गाडी घरीच असल्यानं पॅनलची तेवढ्या वेळातली वीज सरळ गाडीतच जाईन, सकाळची तेवढी नेट मीटरवर. ३ किलोवॅटचे १२ युनिट पूर्ण गाडीले नाही पुरत पण गाडीसाठी घरच्या लाइनीची बेरीज तीन-चार युनिटवर येईन.

चांद्याचा_पोट्टा
दुपारचे १५ युनिट सोलरचे झाले तं दहा-बारा किलो कोळसा वाचला रोजचा. आईले सांगतो.

पऱ्हाटी
साळ्याची पेटी पाहून आलो. साधाच कंट्रोलर निघाला. पण कापूस निघाल्यावर मी छोट्या पिकअपचा इचार पक्का केला, जिनिंग ३८ किलोमीटरच आहे. फक्त कापूस हलका अन् जागा लय खाते, गाडी वजनानं नाही भरत, ढिगानं भरते, त्यात रेंज जास्त भेटन का?

संत्रावाला_काटोल
वजनाचं म्हणसान तं नक्की भेटन, पण वर फारी बांधून उंच ढीग केला का हवा अडते, जोरात नोका पळवू. अन् भाऊ, आता एक नवीनच भानगड. ज्यानं डीपी खाल्ली म्हणून बोंब ठोकली होती तोच शेजारी काल संध्याकाळी आला. म्हणे तुले आता डिझेल लागत नाही, घरी सोलर बसवून राहिला, मग माह्या संत्र्याचं भाडं क्रेटमागं पाच रुपये कमी कर. याचा हिशोब कसा मांडू, मीनलताई?